दहा हजारांच्या पुढचा हिशेब

1 एप्रिल 2015 ला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली, पण माजरी या कोळसा खाणींच्या गावापासून दारू फार लांब गेली नाही. पाटाळ्याच्या पुलावरून वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्ह्यातला वणी तालुका लागतो, आणि तिथे बंदी नव्हती. पिणाऱ्याला पिण्यासाठी गाडी काढावी लागे आणि पिऊन झाल्यावर त्याच गाडीवर परतावं लागे. 27 मे 2021 ला राज्य मंत्रिमंडळाने बंदी उठवण्याचा निर्णय घेतला आणि दुकानं पुन्हा उघडली. सवय मात्र तशीच राहिली: पायी जाण्याइतक्या अंतरावरही दुचाकीनेच जायचं आणि झुलत घरी यायचं.

या सवयीला आधार देणारे समज पानठेल्यावर आणि धाब्यावर रोज ऐकू येतात. त्यातला पहिला असा की, आता दारू कायदेशीर झाली, मग पिऊन थोडं अंतर चालवलं तर गुन्हा कसला? मोटार वाहन कायदा 1988 चा आहे. त्यातलं कलम 185 बंदीच्या आधी होतं, बंदीच्या काळात होतं आणि आजही आहे. शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं हा गुन्हा, आणि चालवायचा प्रयत्न करणं हासुद्धा गुन्हा. दारू परवान्याच्या दुकानातली होती की मोहाची, याच्याशी या कलमाला देणंघेणं नाही. गाडी दुचाकी आहे, ट्रॅक्टर आहे की कोळशाचा टिप्पर, याच्याशीही नाही.

शेजारच्या गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे आणि ती उठलेली नाही. मूल, सावली, व्याहाड करत वैनगंगा ओलांडणाऱ्याच्या डिक्कीत एखादी बाटली सापडली, तर तो महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखालचा वेगळाच गुन्हा होतो. त्यात गाडी जप्त होऊ शकते. चालवणारा शुद्धीत होता, एवढ्याने ती सुटत नाही.

‘आपण कुठं दारू प्यालो, बीअर तर घेतली’, हा दुसरा समज. इथे सरळ आकडेमोड करावी. तीव्र बीअरची 650 मिलिलिटरची बाटली, तिच्यात आठ टक्के अल्कोहोल. म्हणजे 52 मिलिलिटर, वजनात साधारण 41 ग्रॅम. 60 किलो वजनाच्या पुरुषाने ती लवकर संपवली, तर त्याच्या रक्तातलं प्रमाण शंभर मिलिग्रॅमच्या आसपास जातं. मर्यादा 30 ची, म्हणजे एका बाटलीत तिप्पट. देशी किंवा विदेशी, 42.8 टक्क्यांच्या 180 मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे 61 ग्रॅम अल्कोहोल असतं. त्याच माणसाचा आकडा दीडशेला टेकतो. माणसागणिक आणि पोटातल्या जेवणागणिक हे आकडे थोडे मागेपुढे होतात, पण 30 च्या खाली येण्याइतके नाही.

पाळीवर चालणाऱ्या गावात यापेक्षाही घातक समज आहे तो झोपेचा. रात्री घेतली, सकाळी उतरली, असं सगळे धरून चालतात. यकृत मात्र आपल्याच गतीने काम करतं. रक्तातलं प्रमाण तासाला साधारण 15 मिलिग्रॅमने कमी होतं. रात्री बाराला दीडशेवर असलेला माणूस सहा तास झोपून उठला, तर हिशेबाने त्याच्या रक्तात अजून 60 मिलिग्रॅम असतं, कायद्याच्या मर्यादेच्या दुप्पट. त्याला स्वतःला ठणठणीत वाटत असेल. आंघोळ झालेली असेल, डबा घेतलेला असेल, आणि तो गाडीला किक मारून पहिल्या पाळीला निघालेला असेल. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, ओकारी काढणं, यांपैकी कशानेही यकृताची गती वाढत नाही. खर्रा चघळूनही काही साधत नाही. श्वास तपासणारं यंत्र तोंडाचा वास मोजत नाही. फुप्फुसातल्या हवेत रक्तातून उतरलेलं अल्कोहोल मोजतं.

मग काही जण सल्ला देतात की यंत्रात फुंकायचंच नाही, रक्तही द्यायचं नाही, म्हणजे पुरावाच उरत नाही. याचं उत्तर कायद्यातच लिहिलेलं आहे. योग्य कारणाशिवाय श्वासाची किंवा रक्ताची चाचणी नाकारली, तर कलम 205 प्रमाणे तो नकारच खटल्यात चालकाविरुद्ध जाऊ शकतो. अपघातानंतर नमुन्याशी खेळण्याचा प्रयत्न झाला, तर प्रकरण आणखी चिघळतं. मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात एका आलिशान मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्यानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली.

पण दुसरी बाजूही लोकांना माहीत असली पाहिजे, कारण ती त्यांच्या हक्काची आहे. नुसता दारूचा वास आला, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या होत्या, चाल अडखळत होती, एवढ्यावर माणूस नशेत होता हे सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात म्हटलं आहे. कलम 185 खाली गणवेशातला पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतो, मात्र अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर त्याला सोडावं लागतं.

‘दहा हजार भरले की सुटलो.’ हा समज सगळ्यांत पक्का आहे आणि सगळ्यांत महाग पडतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हेल्मेटच्या चलनासारखा हा दंड जागेवर भरून मिटवता येत नाही; प्रकरण न्यायालयातच जातं. दोष सिद्ध झाला की कलम 20 प्रमाणे न्यायालयाला चालकाला किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवावंच लागतं. ज्याचं पोट टिप्परच्या स्टिअरिंगवर आहे, त्याच्यासाठी हा सहा महिन्यांच्या पगाराचा दंड आहे. आणि न्यायालयातल्या खटल्याची नोंद पुढे चारित्र्य प्रमाणपत्र काढताना किंवा पासपोर्टच्या पडताळणीत आड येते, ते वेगळंच.

तरी हे सगळं झालं अपघात न होता. अपघात झाला की विम्याचा प्रश्न येतो, आणि तिथे घरंच्या घरं बसतात.

विमा आहे म्हणजे कंपनी भरेल, असं गाडीमालक गृहीत धरतो. पॉलिसीतला बारीक अक्षरांतला अपवाद कोणी वाचत नाही. चालक दारूच्या अमलाखाली असेल, तर स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळत नाही. गाडीमालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही त्याच अपवादाखाली येतो, म्हणजे पिऊन चालवताना तो गेला तर बायकोमुलांना मिळायचे ते 15 लाखही अडतात. श्वासाची चाचणी झालीच नव्हती, असं म्हणून यातून निसटता येतं का? डिसेंबर 2007 मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ एका कंपनीची पोर्शे मोटार आदळून पेटली आणि पूर्ण नष्ट झाली. चाचणीचा आकडा उपलब्ध नव्हता. प्रकरण इफ्को टोकियो या विमा कंपनीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि एप्रिल 2021 मध्ये निकाल विमा कंपनीच्या बाजूने लागला. आकडा नसला तरी इतर पुराव्यांवरून चालक दारूच्या अमलाखाली होता हे विमा कंपनी दाखवू शकते, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे तुरुंगात पाठवायला लागणारा पुरावा आणि दावा फेटाळायला लागणारा पुरावा यांत फरक आहे.

दुसऱ्याचा जीव गेला तर? थर्ड पार्टी विमा त्यासाठीच असतो हे खरं. पण 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या कलम 150 मध्ये कलम 185 खालच्या नशेचा स्पष्ट उल्लेख विमा कंपनीचा बचाव म्हणून आलेला आहे. अशा एका प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाने कंपनीने आधी पीडितांना भरपाई द्यावी आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करावी, असा मार्ग सांगितला. पीडितांच्या घराला हा मोठाच दिलासा आहे. मालकावर मात्र सगळा बोजा येतो.

तो किती असतो, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. 30 वर्षांचा, महिना 20 हजार मिळवणारा कंत्राटी कामगार. घरी बायको, दोन मुलं आणि आई. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा आणि प्रणय सेठी या खटल्यांत घालून दिलेल्या पद्धतीने भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवले की 28 हजार होतात. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की 21 हजार. वर्षाचे 2 लाख 52 हजार, आणि त्या वयाचा गुणक 17. एकूण 42 लाख 84 हजार रुपये. त्यावर अंत्यसंस्कार आणि इतर ठरावीक रकमा, शिवाय व्याज. जुनी दुचाकी चालवणाऱ्याच्या नावावर हे येतं तेव्हा शेत, घर, बायकोचे दागिने, काहीच पुरत नाही.

फौजदारी बाजूही हलकी राहिलेली नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास जुन्या दंडविधानात दोन वर्षांपर्यंत कैद होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली ती पाच वर्षांपर्यंत आहे. आणि दरवेळी ‘निष्काळजीपणा’ एवढंच कलम लागेल, याचीही खात्री नाही. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर एक मोटार चढली. सात जण गेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात मद्याचं प्रमाण 0.112 टक्के होतं, म्हणजे 112 मिलिग्रॅम. सत्र न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती वाढवून सदोष मनुष्यवधाखाली तीन वर्षं केली आणि जानेवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्या कलमाच्या आजच्या रूपात कैद दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते.

वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलिच्या) माजरी क्षेत्रात काम करणाऱ्यांत आणखी एक समज आहे: कामावर काही झालं तर भरपाई मिळणारच. कर्मचारी नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्यापासून एक अपवाद चालत आलेला आहे. मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं नसेल आणि अपघात थेट कामगाराच्या नशेमुळे घडला असेल, तर मालकावर भरपाईची जबाबदारी येत नाही. हात मोडला, चार महिने घरी बसावं लागलं, तर ते दिवस स्वतःच्या खिशातून काढावे लागतात.

चालवणारा सोडून इतरांनीही स्वतःला सुरक्षित समजू नये. पिऊन आलेल्याला गाडी चालवायला प्रवृत्त करणाऱ्याला किंवा मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 188 प्रमाणे तीच शिक्षा होऊ शकते. आणि भरपाईचा दावा येतो तो आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याकडे. दुचाकी हातोहात विकायची, नाव बदलायचं नंतर कधीतरी, हा आपल्याकडचा नेहमीचा व्यवहार. 2018 मध्ये नवीन कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा निकाली काढला: गाडी पुढे कितीही हातांतून गेली असली, तरी नोंदणीत ज्याचं नाव राहिलं तोच कायद्याने मालक. एमएच-34 पासिंगची जुनी गाडी विकणाऱ्याने 14 दिवसांच्या आत चंद्रपूरच्या आरटीओत कळवावं, 29 आणि 30 नंबरचे फॉर्म भरून घ्यावेत आणि पोच जपून ठेवावी, कारण नवा मालक ती गाडी कोणत्या रात्री, किती पिऊन चालवेल हे विकणाऱ्याच्या हातात नसतं.