माणसांचे गट मोजायचे कसे?

एखाद्या देशात किती निरनिराळे लोक राहतात, हा प्रश्न वरकरणी अगदी पोरकट वाटतो. पण यादवी युद्धे का पेटतात याचा शोध घेणाऱ्या पंडितांची या प्रश्नाने गेली साठ वर्षे पुरती दमछाक केली आहे.

१९६४ साली मॉस्कोत जगातील लोकसमूहांचा एक मोठा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. कोणत्या देशात कोणते लोक किती, हे त्यात आकड्यांनिशी दिलेले. पाश्चात्त्य अभ्यासकांना घबाडच सापडले! त्यांनी त्यावरून प्रत्येक देशाचा एक अंक काढला. डोळे मिटून कोणतीही दोन माणसे निवडली, तर ती वेगवेगळ्या गटांतली निघण्याचा संभव किती, तो हा अंक. शून्य म्हणजे सारे एकाच गटाचे. पुढे दारिद्र्यापासून बंडाळीपर्यंत कशाकशाची कारणे या अंकात शोधली गेली.

आता यातली मेख पाहा. रशियन मंडळींची मुख्य कसोटी भाषेची. आफ्रिकेतील रुआंडा देशात हुतू, तुत्सी आणि त्वा हे तिघेही एकच किन्यारुआंडा भाषा बोलतात, एकाच टेकडीवर शेजारी राहतात. तेव्हा हुतू-तुत्सी हा भेद त्या संग्रहात उमटलाच नाही. कागदावर रुआंडा जवळजवळ एकजिनसी! आणि त्याच देशात १९९४ च्या एप्रिल ते जुलै या सुमारे शंभर दिवसांत लाखो तुत्सींची कत्तल झाली. नाक्यानाक्यावर ओळखपत्र मागत आणि त्यावरचा एक शब्द वाचून जीव घेत. ही ओळखपत्रे बेल्जियन अमलात, १९३० नंतरच्या दशकात सुरू झालेली. त्यापूर्वी गुरेढोरे वाढली, मान वाढला, की हुतूचा तुत्सी होणे अगदीच अशक्य नव्हते. कागदाने ती वाट बुजवली.

मग भेद तेथे भांडण म्हणावे, तर तेही खरे नाही. चेवा आणि तुंबुका या दोन जमाती झांबिया व मलावी यांच्या सरहद्दीच्या दोन्ही अंगांना राहतात. सरहद्द इंग्रजांनी आपल्या कारभाराच्या सोयीने आखलेली. डॅनियल पोस्नर या अमेरिकन अभ्यासकाने दोन्हीकडच्या खेड्यांतून विचारपूस करून २००४ साली निष्कर्ष मांडले. चेवांचा न्याऊ नाच, तुंबुकांचा विंबुझा, भाषाही निराळ्या. हे दोन्ही देशांत सारखेच. पण मलावीत एकमेकांत सोयरीक करायला किंवा दुसऱ्याच्या उमेदवाराला मत द्यायला लोक नाखूष, तर झांबियात दोघेही ‘पूर्वेकडचे’ म्हणून भाऊभाऊ! कारण मलावीत दोन्ही जमाती अशा मोठ्या, की पुढाऱ्यांना त्यांच्या जोरावर सत्ता मागता येते. झांबियात त्या लहान. तेव्हा हातात हात घालण्यातच शहाणपण.

२००९ साली झुरिक आणि कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी निराळीच यादी पुढे आणली. १९४६ पासून कोणत्या देशात कोणत्या गटाच्या नावाने राजकारण चालले, आणि त्यांतल्या कोणाला सरकारात वाटा मिळाला, कोणाला मज्जाव झाला, याची ही नोंद. गट किती यापेक्षा सत्तेबाहेर ठेवलेले किती, यावर बंडाचा संभव अधिक ठरतो, असे त्यांना आढळले. मला ही वाट अधिक सरळ वाटते. मात्र यादी करणारे तज्ज्ञच. आणि एकदा रक्त सांडल्यावर कोणत्याही तज्ज्ञाला भेद ठळक दिसू लागतो, त्याला काय करणार?

रुआंडात आज जनगणनेत कोणी हुतू की तुत्सी हे विचारीत नाही. १९९४ नंतर ओळखपत्रावरूनही तो शब्द गेला. पण संशोधकाला आपला रकाना भरावा लागतोच. म्हणून शेकडा ८५ हुतू, १४ तुत्सी आणि १ त्वा, हे जुनेच आकडे पुस्तकांतून अजून छापले जातात.