तीट लावलेल्या नळ्या

श्रावणात सह्याद्रीच्या पायथ्याच्या एखाद्या कुंपणाकडे नीट पाहिलं की कळलावी हमखास दिसते. पानांची टोकं बारीक तारेसारखी वळून शेजारच्या फांदीला धरतात. पाकळ्या आधी हिरवट-पिवळ्या असतात, मग लालभडक होत ज्वाळेसारख्या मागे उलटतात. फूल इतकं देखणं, पण घरातली मोठी माणसं मुलांना त्याच्या वाटेला जाऊ देत नाहीत आणि ते योग्यच आहे. कंदापासून बियांपर्यंत साऱ्या वेलीत कोल्चिसिन नावाचं विष असतं. हे विष पेशीत शिरलं की तिथल्या एका प्रथिनाला घट्ट धरून बसतं. त्या पकडीमुळेच ते प्रथिन माणसाच्या हाती लागलं. १९६७ साली शिकागोत गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी किरणोत्सारी कोल्चिसिन वापरून ते पेशीत कुणाला चिकटतं याचा माग काढला. पुढच्याच वर्षी जपानच्या हिदेओ मोहरी यांनी त्या प्रथिनाचं नामकरण केलं: ट्यूब्युलिन.

ट्यूब्युलिन नेहमी जोडीने असतं, एक अल्फा आणि एक बीटा. जोडीची लांबी ८ नॅनोमीटर. जोडीला जोडी लागून सर तयार होतो आणि असे बहुधा १३ सर शेजारी-शेजारी जुळून २५ नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी होते. हीच सूक्ष्मनलिका. पेशीचा आकार ती सांभाळते आणि पेशीतली वाहतूकही तिच्याच पाठीवरून चालते. पाठीच्या कण्यापासून पायाच्या अंगठ्याकडे जाणाऱ्या चेतापेशीचा तंतू जवळजवळ मीटरभर लांब असतो. कायनेसिन हे मालवाहू प्रथिन एकापुढे एक लागलेल्या नळ्यांवरून सेकंदाला साधारण एक मायक्रोमीटर चालतं. म्हणजे न थांबता चाललं, तरी त्याला हा पल्ला गाठायला अकरा-बारा दिवस लागतील. अशा मालवाहू प्रथिनांची ओढ किती, हे रूप मलिक यांनी आपल्या मुंबईतच, टीआयएफआर या संशोधन संस्थेत, प्रकाशाच्या चिमट्याने मोजलं आहे.

मला या विषयाने धरून ठेवलं ते एका साध्या प्रश्नाने. पेशी विभागताना गुणसूत्रं ओढणाऱ्या नळ्या काही मिनिटांत उभ्या राहतात आणि मोडतात. चेतापेशीतल्या नळ्या मात्र कितीतरी पट जास्त टिकतात. शुक्राणूच्या शेपटीतल्या नळ्या चाबकासारख्या वळवळतात. वीट सगळीकडे तीच, मग ही घरं इतकी निराळी कशी? ट्यूब्युलिनची जनुकं एकाहून अधिक आहेत, हा उत्तराचा एक भाग झाला. दुसरा भाग असा, की प्रथिन तयार झाल्यानंतर पेशी त्याच्यावर छोटे-छोटे रासायनिक ठिपके लावते आणि पुसते.

त्यातला पहिला ठिपका सापडला तो अर्जेंटिनातल्या कोर्दोबा शहरात. रानवेल कापुतो यांनी नोबेल विजेत्या लुइस लेलुआर यांच्याबरोबर काम केलं होतं. पुढे कोर्दोबाच्या विद्यापीठात त्यांनी एक्तोर बार्रा आणि कार्लोस आर्से यांच्यासोबत उंदरांच्या मेंदूवर प्रयोग केले. मेंदू वाटून त्यातला विरघळलेला भाग घ्यायचा, त्यात किरणोत्सारी अमिनो आम्लं टाकायची आणि कोणतं आम्ल प्रथिनांत शिरतं ते पाहायचं. मग त्यांनी आरएनए नष्ट करणारं विकर मिसळलं. आर्जिनिनचं शिरणं थांबलं, ते अपेक्षितच होतं, कारण त्या कामाला आरएनए लागतो. टायरोसिन मात्र चिकटतच राहिलं. म्हणजे आरएनएच्या मदतीशिवाय कुणीतरी आधीच तयार असलेल्या प्रथिनाच्या टोकाला टायरोसिनचा एक मणी जोडत होतं. हे १९७३ साली छापून आलं आणि ते प्रथिन अल्फा-ट्यूब्युलिन आहे, हे त्याच गटाने लवकरच दाखवून दिलं. साध्या उपकरणांनी, नेमका प्रश्न विचारून लावलेला हा शोध मला फार मोठा वाटतो.

अल्फा-ट्यूब्युलिन म्हणजे सुमारे साडेचारशे अमिनो आम्लांची माळ. तिचा शेवटचा तुकडा नळीच्या बाहेर गोंड्यासारखा लोंबत असतो आणि त्याच्या अगदी टोकाला टायरोसिन असतं. आपल्याकडे तान्ह्या बाळाला तीट लावतात, तशी ही नव्या ट्यूब्युलिनची तीट म्हणावी. नळी काही काळ उभी राहिली की एक विकर येऊन ती तीट पुसतं. नळी सुटून जोड्या मोकळ्या झाल्या की टीटीएल नावाचं दुसरं विकर पुन्हा तीट लावतं, आणि तेही मोकळ्या जोडीलाच, उभ्या नळीला नाही. त्यामुळे तीट असलेली नळी तरुण आणि नसलेली जुनी, असं वय वाचता येतं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. तीट पुसली म्हणून नळी टिकते असं नाही, ती टिकते म्हणून पुसायला वेळ मिळतो.

एवढ्याशा ठिपक्याकडे पेशीतले वाटसरू मात्र बारकाईने पाहतात. डायनीन हे मालवाहू प्रथिन डायनॅक्टिन या जोडीदारासह नळीवर चढतं, ते तीट पाहून. पेशी विभागताना गुणसूत्रांना मध्यरेषेकडे नेणारं सेन्प-ई हे प्रथिन नेमकी उलटी निवड करतं आणि तीट पुसलेल्या नळ्या धरतं. मध्याकडे जाणाऱ्या नळ्यांवरची तीट पुसलेली असते, बाहेर पेशीच्या काठाकडे जाणाऱ्या नळ्यांवर ती शाबूत असते, म्हणून गुणसूत्रं वाट चुकत नाहीत.

तीट लावणारं टीटीएल लवकर ओळखीचं झालं. पुसणारं कोण, हे मात्र चाळीसहून अधिक वर्षं गूढ राहिलं. २०१७ साली फ्रान्समधल्या ग्रनोबल आणि नेदरलँड्समधल्या ॲम्स्टरडॅम इथल्या दोन गटांनी ते स्वतंत्रपणे शोधून काढलं. नाव निघालं व्हॅसोहिबिन. रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारं प्रथिन म्हणून ते आधीच माहीत होतं. हे दुसरं काम त्याच्याकडे असेल, असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

हे सगळं हृदयापाशी येऊन पोहोचतं, तेव्हा विषय आपल्या जवळचा होतो. हृदयाच्या स्नायूची एकच पेशी घ्या. दिवसाला सुमारे एक लाख वेळा ती आखडते आणि सैल होते. आतल्या नळ्या जागच्या जागी अडकवलेल्या असतात, त्यामुळे पेशी आखडली की त्या लाटेसारख्या दुमडतात आणि सैल झाली की सरळ होतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बेंजामिन प्रॉसर यांच्या गटाने हे २०१६ साली दाखवलं. नळीला स्नायूच्या सांगाड्याशी बांधतात त्या तीट पुसलेल्या जागाच. निकामी होत चाललेल्या मानवी हृदयांच्या पेशींत अशा नळ्यांची दाटी झालेली असते. प्रत्येक ठोक्याला पेशीला हा ताठरपणा ढकलावा लागतो. २०१८ साली याच गटाने अशा पेशींत टीटीएल वाढवून तीट परत लावली, तेव्हा त्यांच्या आखडण्याची गमावलेली ताकद बरीचशी परतली. कोल्चिसिनने नळ्या मोडल्या, तेव्हाही पेशी मोकळी झाली. पण कोल्चिसिन शरीरभरच्या नळ्या मोडतं. नुसती तीट जपणारं औषध मिळालं तर नळ्या जागेवर राहतील आणि हृदय हलकं होईल. ते अजून हाती आलेलं नाही, पण दिशा मात्र दिसली आहे.

ठिपके आणखीही आहेत. अल्फा-ट्यूब्युलिनच्या चाळिसाव्या जागेवर, नळीच्या आतल्या बाजूला, ॲसिटिल गट लागतो. त्याने नळी वेतासारखी लवते, सहजी तुटत नाही.

गोंड्यावर ग्लुटामेटच्या मण्यांच्या माळाही लागतात आणि त्या किती लांब असाव्यात, याला फार महत्त्व आहे. लहान मेंदूतल्या पुर्किंये पेशी गळून गेल्यामुळे लटपटत चालणाऱ्या उंदरांचा एक वंश १९७६ पासून माहीत होता. त्याचं नेमकं कारण २०१० साली कळलं. कार्स्टन यांके यांच्या गटाने दाखवलं, की या उंदरांत माळ छाटणारं विकरच निकामी आहे. माळा बेसुमार वाढतात आणि चेतापेशी मरतात. माळ जोडणारं विकर कमी केलं, तर पेशी वाचतात. त्याच जनुकात दोष असलेली, तान्हेपणातच मेंदूचा ऱ्हास सुरू झालेली बाळं २०१८ साली नोंदली गेली. उंदराच्या लटपटत्या चालीचं कोडं सुटल्यामुळे त्या घरांना निदान आजाराचं कारण तरी कळलं.

गोंड्यावर ग्लायसिनचेही मणी लागतात आणि त्यांचं महत्त्व पॅरिसजवळ ओर्से इथल्या यांके यांच्याच प्रयोगशाळेत सुदर्शन गदाधर यांनी दाखवलं. ते मणी जोडणारी दोन्ही विकरं नसलेल्या उंदरांचे शुक्राणू पोहतात, पण पुढे सरकण्याऐवजी बहुतेक वर्तुळातच फिरतात. शेपटीतल्या डायनीनचा ताल चुकलेला असतो. हे २०२१ साली प्रसिद्ध झालं. गदाधर आता बेंगळुरूच्या इन्स्टेम या संशोधन संस्थेत आहेत.

त्याच इन्स्टेममधल्या मिन्हाजुद्दीन सिराजुद्दीन यांच्या गटाने एक जुनी अडचण दूर केली. हे ठिपके पाहायचे, तर आधी पेशी मारून प्रतिपिंडांनी रंगवावी लागे. चालू वाहतूक पाहायची सोयच नव्हती. २०२० साली त्यांनी फक्त तीट ओळखून तिला चिकटणारं, चमकणारं एक छोटं प्रथिन घडवलं. ते पेशीत सोडलं, की तीट लावलेल्या नळ्या जिवंतपणी उजळतात. मग त्यांनी या पेशींना नळ्या मोडणारी रसायनं दिली आणि पाहत बसले. त्यात सदाफुलीतून मिळणारं, कर्करोगावर वापरलं जाणारं व्हिन्क्रिस्टिन होतं आणि कोल्चिसिनही होतं. दोन्हींनी नळ्या मोडल्या, पण प्रत्येकाची मोडण्याची तऱ्हा निराळी निघाली.