आठ बिंदू, बारा वक्र

हा एपिसोड नुसता कानाने ऐकला तर आकडे निसटतात, म्हणून हा लेखी अवतार. जमलं तर कागद-पेन घेऊन बसा.

दोन बिंदूंमधून सरळ रेषा किती जातात? एकच. पाच बिंदूंमधून शांकव, म्हणजे वर्तुळ, लंबवर्तुळ, अन्वस्त वगैरे कुटुंबातला वक्र? तोही एकच. आता आठ बिंदू घ्या, कसेही विखुरलेले. त्यांतून जाणारे तिसऱ्या घाताचे वक्र मात्र अगणित. समीकरणात दहा सहगुणक असतात. सगळ्यांना एकाच संख्येने गुणलं तरी वक्र तोच राहतो, म्हणून मोकळीक नऊची. आठ बिंदूंनी आठ खाल्ल्या, एक उरली. पण या अगणितांपैकी स्वतःलाच एका जागी छेदणारे, गाठ पडलेले, किती?

उत्तर 12. फक्त कागदावर ते दिसेलच असं नाही! कागदावर कधी 8, कधी 10, कधी 12 सापडतात, आणि बिंदू सरकवले की आकडा बदलू शकतो. अन्वस्त आणि रेषेचंही तसंच आहे. रेषा हळूहळू बाहेर सरकवा: दोन छेद, मग एक स्पर्श, मग काहीच नाही. पण अकरावीतल्या संमिश्र संख्या चालवून घेतल्या की ते दोन छेद कुठेही जात नाहीत, नुसते नजरेआड होतात. म्हणून ही मोजणी संमिश्र प्रतलात करायची. तिथल्या वक्रांना होलोमॉर्फिक वक्र म्हणतात, आणि आपल्या नजरेला ते रेघ नसून पृष्ठभाग असतात. सरळ रेषा म्हणजे चेंडूची साल. तिसऱ्या घाताचा गुळगुळीत वक्र म्हणजे मेदुवड्याची.

मग 12 का? शाळेतलं ऑयलरचं सूत्र आठवा: पृष्ठं अधिक शिरोबिंदू वजा कडा. चेंडूसाठी हे 2 येतं, वड्यासाठी 0. गाठ पडलेला वक्र म्हणजे चेंडूवरचे दोन ठिपके एकमेकांना चिकटवलेले, म्हणून 2 − 1 = 1.

संमिश्र प्रतलाचा (अनंतावरचे बिंदू धरून) ऑयलर आकडा 3 आहे. आपल्या आठ बिंदूंतून जाणारे सगळे वक्र एका नवव्या बिंदूतूनही जातात. हे मला आजही जादूसारखं वाटतं. या नऊ जागी वक्रांची गर्दी होते, म्हणून तिथला प्रत्येक बिंदू काढून एक चेंडू बसवतात. 1 गेला, 2 आले: दर जागी एकाची भर. एकूण 3 + 9 = 12. आता सगळी जागा वक्रांनी नीट भरली आहे, कोणी कोणाला धडकत नाही. वडे शून्य देतात, गाठवाले एकेक. म्हणजे गाठवाले बाराच हवेत!

पुढच्या घातांना हा हिशोब पुरत नाही. चौथ्या घाताच्या, इतक्या गाठींच्या की शेवटी चेंडूच उरतो अशा वक्रांसाठी 11 बिंदू लागतात. उत्तर 620, आणि ते झॉयथेनने 1873 मध्येच काढलं होतं. पण सगळ्या घातांसाठी एकच सूत्र यायला 1990 चं दशक उजाडलं. माक्सिम कोंत्सेविचने मोठा वक्र तुटून दोन लहान वक्र कसे होतात ते मोजलं, आणि "दोन बिंदू, एक रेषा" एवढ्यावरून सगळे आकडे ओळीने पाडले: 1, 1, 12, 620, 87304, 26312976...

राहिला कागदावरचा 8-10-12 चा घोळ. तिथे गाठी दोन प्रकारच्या. एकीत रेघ खरोखर स्वतःला ओलांडते. दुसरीत वक्रापासून सुटा पडलेला एकच ठिपका दिसतो. पहिलीला +1 आणि दुसरीला −1 द्या. या शतकाच्या सुरुवातीला जाँ-इव्ह वेल्शिंगरने दाखवलं, की अशी चिन्हं लावली तर घात कोणताही असो, बिंदू कुठेही असोत, बेरीज बदलत नाही. आपल्या आठ बिंदूंसाठी ती 8 येते. पडताळून बघा: 8 − 0, 9 − 1, 10 − 2.