लेकरं साता समुद्रापार, शेजारी पुढच्या स्टेशनावर : वऱ्हाडातली मिशनरी जोडपी म्हातारपणापर्यंत एकमेकांच्या आधारानं कशी राहिली?

खामगाव-चिखलीकडचे कितीतरी आईवडील हल्ली सहा-सहा महिने अमेरिकेत मुलाकडं राहून येतात. परत आल्यावर काय सांगतात? घर मोठं आहे, रस्ते गुळगुळीत आहेत, पण बोलायला माणूस नाही. मग संध्याकाळी फिरताना कुणीतरी मराठी जोडपं भेटतं. इथं असते तर कदाचित ओळखसुद्धा झाली नसती, पण तिथं तेच जोडपं सख्ख्या नात्यासारखं होतं. रोज चहा, रोज गप्पा.

सव्वाशे वर्षांपूर्वी याच बुलढाणा जिल्ह्यात अगदी उलट्या दिशेनं हेच घडत होतं. अमेरिकेतून आलेली जोडपी इथं राहत होती आणि तीही सहा महिने नाही, तर वीस, तीस, चाळीस वर्षं. धर्मप्रचार हे त्यांचं काम. त्यांच्या कामावर पुष्कळ लिहिलं गेलं, बाजूनंही आणि विरोधातही. पण त्यांचा रोजचा दिवस कसा जायचा आणि या परक्या मुलुखात त्यांना जिवाभावाचं कोण होतं, हे फारसं कुणी विचारत नाही.

मुळात ही माणसं इथं आली कशी?

कॅनडात जन्मलेले धर्मोपदेशक अल्बर्ट सिम्पसन यांनी 1887 मध्ये अमेरिकेत दोन संस्था काढल्या. 1897 मध्ये त्या एक झाल्या आणि 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' उभी राहिली. वऱ्हाडात या संस्थेचं मुख्य ठाणं अकोला. खामगाव, मलकापूर, बुलढाणा या गावांतही तिचं काम पोचलं. त्या वेळी खामगाव अकोला जिल्ह्यात होतं, 1905 च्या फेररचनेत ते बुलढाण्याकडं आलं.

खामगावच का? तर कापूस. वऱ्हाडातला कापसाचा मोठा बाजार तिथं भरायचा. 1870 मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटाही आला. जिथं रेल्वे तिथं टपाल, आणि जिथं टपाल तिथं परदेशी माणसाला जगणं शक्य. बुलढाणा गावाचं मात्र उलटं. ते डोंगरावर, हवा बरी, पण रेल्वे नाही. मलकापूरला उतरून राजूर घाट चढायचा. बुलढाण्याला रेल्वे आजही नाही, तो विषय वेगळाच.

आपल्या डोक्यात मिशनरी म्हणजे पांढऱ्या झग्यातला एकटा पाद्री असतो. कॅथलिक धर्मगुरू लग्न करत नाहीत, म्हणून ते चित्र पक्कं झालं. प्रोटेस्टंट मिशनं मात्र जोडपी पाठवायची. त्यामागं साधा हिशोब होता. पडद्यातल्या किंवा माजघरातल्या बायकांपर्यंत पुरुष पोचूच शकत नव्हता. त्यामुळं कागदोपत्री मिशनरी नवरा असला तरी अर्धं काम बायकोच्या अंगावर असायचं. मुलींची शाळा, आजारी बायकांची विचारपूस, घरोघरच्या भेटी, आणि वर स्वतःचा संसार.

एक दिवस

उन्हाळ्यात दिवस उजाडायच्या आतच सुरू व्हायचा, कारण दहानंतर बाहेर पडण्यात अर्थ नसे. पहाटे चहा, प्रार्थना, आणि मग पंडित यायचे.

हे पंडित म्हणजे नव्या जोडप्याचा पहिला मराठी माणूस. रोज तास-दोन तास समोरासमोर बसून बाराखडीपासून सुरुवात. हाताशी मोल्सवर्थचा जाडजूड कोश, ज्याची दुसरी आवृत्ती 1857 ची. भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय स्वतंत्र जबाबदारी मिळत नसे. पण पुस्तकात 'का' शिकून बाजारात गेलं की कानावर 'काऊन' पडायचं. पंडितांची मराठी एक आणि खासर हाकणाऱ्याची वऱ्हाडी दुसरी. ती दुसरी शिकायला परीक्षा नव्हती, त्याला वर्षं जायची.

सकाळी व्हरांड्यात औषधासाठी माणसं बसलेली असत. डॉक्टर नसलेल्या मिशनरी बायकाही डोळ्यांत औषध घालणं, जखम धुणं, तापाला क्विनाइन देणं ही कामं करायच्या. दुपारी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून, दारं लावून पडून राहायचं. संध्याकाळी पुन्हा भेटी. रात्री दिव्याखाली पत्रं.

पत्रं हा या आयुष्याचा कणाच होता. बोटीनं अमेरिकेला पत्र जायला महिनाभर, उत्तर यायला तेवढाच. म्हणजे मुलाला ताप आहे असं कळेपर्यंत तो बरा होऊन शाळेत गेलेला असायचा. किंवा बरा झालेला नसायचा.

हिवाळ्यात चित्र बदलायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बैलगाडीवर तंबू, भांडी, पुस्तकं लादून जोडपं दौऱ्यावर निघायचं. एका आमराईत चार दिवस, दुसऱ्या गावाबाहेर आठ दिवस. ज्यांची मुलं लहान त्यांच्या मुलांसकट.

मित्र कोण, हे कमिटी ठरवायची

खामगावहून अकोला सुमारे 50 किलोमीटर, बुलढाणाही साधारण तेवढंच. म्हणजे आपल्या भाषेत बोलणारं पुढचं जोडपं एक दिवसाच्या अंतरावर. आणि ते कोणतं असेल, हे तुमच्या हातात नाही. मिशनची बैठक बदल्या ठरवायची. ज्यांच्याशी सूर जुळला ते पुढच्या वर्षी दुसऱ्या टोकाला, आणि ज्यांच्याशी जेवणाच्या वेळेवरूनही पटत नाही ते एकाच बंगल्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात. दोन संसार, एक विहीर, एकच स्वयंपाकी. भांडणं व्हायला धर्मशास्त्र लागत नाही, विहिरीचा दोर पुरतो.

पण याच बांधलेपणातून घट्ट मैत्र्याही झाल्या. एका जोडप्याकडं बाळंतपण निघालं की दुसऱ्या स्टेशनवरची बाई आठ दिवस मुक्कामाला. कॉलरा आला की रात्रभर उशाशी बसणार तेच. मरण आलं तर प्रार्थना म्हणणार तेच.

सगळ्यात मोठं दुःख मुलांचं. शाळेच्या वयाची झाली की ती दूर जायची, आधी थेट अमेरिकेला. पुढं डोंगरातल्या शाळा सोयीच्या झाल्या. मसुरीजवळ लंढोरची वुडस्टॉक 1854 पासून होती, दक्षिणेत कोडईकनालची शाळा 1901 मध्ये निघाली. आईवडील उन्हाळ्यात डोंगरावर जायचे ते हवेसाठी तर खरंच, पण त्याहून जास्त मुलांसाठी. उरलेलं वर्ष बंगला रिकामा. अशा रिकाम्या घरांतल्या दोन बायकांमध्ये जी जवळीक होते, तिला आपल्याकडं बहिणीचं नातं म्हणतात.

दोन मैत्रिणी आणि दोन पुस्तकं

अकोल्याच्या जेनी फुलर यांचं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. जेनी आणि मार्कस फुलर हे वऱ्हाडात अलायन्सचं काम उभं करणारं जोडपं. अकोल्यात वर्षानुवर्षं घराघरांत फिरताना जेनीबाईंनी बालविवाह, विधवांचं जगणं हे सगळं जवळून पाहिलं. पुढं दोघं मुंबईला गेले. तिथं आल्फ्रेड आणि हेलन डायर हे दुसरं जोडपं होतं. आल्फ्रेड 'बॉम्बे गार्डियन' हे साप्ताहिक चालवायचे.

जेनीबाईंनी त्यात लेख लिहिले. 1900 मध्ये त्यांचं 'द राँग्ज ऑफ इंडियन वुमनहूड' हे पुस्तक झालं आणि प्रस्तावना लिहिली पंडिता रमाबाईंनी. त्याच वर्षी जेनीबाई वारल्या. मागं राहिलेल्या हेलन डायर यांनी 1903 मध्ये मैत्रिणीचं चरित्र छापून आणलं. शीर्षकातच 'अकोला आणि मुंबईच्या मिसेस जेनी फुलर' असं आहे. अमेरिकेत जन्मलेल्या बाईची ओळख म्हणून मैत्रिणीनं अकोला लिहिलं, ओहायो नाही.

हे पुस्तक आज वाचताना खटकतंही. आपल्या समाजातल्या खऱ्या अन्यायांबरोबर परकेपणाची, आपलाच धर्म श्रेष्ठ मानणारी नजर त्यात आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

ते 1900 साल दुष्काळाचं होतं. छपन्नचा दुष्काळ म्हणून जुनी माणसं ज्याची आठवण काढत तोच. 1896-97 चा दुष्काळ सरतो न सरतो तोच हा आला. अलायन्सनं खामगावात अनाथ मुलींसाठी आणि अकोल्यात मुलांसाठी आश्रम चालवले. ज्यांची स्वतःची लेकरं हजारो मैलांवर होती, त्यांच्या आवारात दुसऱ्यांची लेकरं वाढू लागली. त्या मुलांना ख्रिस्ती वळण मिळालं, त्यावरून तेव्हाही वाद झाला आणि आजही होतो. जगवलं हे खरं, आणि जगवताना धर्म दिला हेही खरं.

मैत्रीचं नातं झालं, पण सगळ्यांशी नाही

वऱ्हाडाच्या आधी अहमदनगर भागात अमेरिकन मराठी मिशनची जोडपी स्थिरावली होती. तिथं ही मैत्री पुढच्या पिढीत सोयरीक झाली. सॅम्युएल फेअरबँक यांनी सहकारी हेन्री बॅलंटाइन यांच्या मुलीशी लग्न केलं. फेअरबँक यांची मुलगी केटी पुढं रॉबर्ट ह्यूम यांच्याशी लग्न करून त्या घरात गेली. ह्यूम यांचे वडील आणि बॅलंटाइन हे दोघंही मायदेशी परतताना बोटीवरच वारले, एक 1854 मध्ये आणि दुसरे 1865 मध्ये. तरी रॉबर्ट, ज्यांचा जन्मच भायखळ्याचा, शिकून 1874 मध्ये परत इथंच आले.

गोऱ्या घरांमध्ये सोयरीक झाली. पण मराठी ख्रिस्ती माणसाशी? इथं गाडी अडायची. कारण उघड होतं. मिशनरी हा नुसता मित्र नव्हता, तो पगार देणारा होता. बंगला त्याचा, शाळेची नेमणूक त्याच्या हातात, तक्रार ऐकणारा तोच. पंडित रोज समोर बसायचे तरी महिन्याच्या शेवटी पैसे मोजून दिले जायचे. आयाला घरातलं माणूस म्हणत, पण ती टेबलावर जेवायला बसत नसे.

कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये मुंबईत झाला. टिळक मिशनच्या कामात मानानं राहिले, लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये मिशनरी मंडळी घरच्यासारखी येतात-जातात. तरी 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. पगार तुटल्याशिवाय बरोबरी येत नाही, हे त्यांना कळलं होतं असंच यातून दिसतं.

शेवटी उरली ती म्हातारी जोडपी

स्वातंत्र्यानंतर बुलढाणा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. तिथल्या सरकारनं 1954 मध्ये निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी समिती नेमली. 1956 च्या अहवालात तिनं म्हटलं की ज्यांचं मुख्य काम धर्मांतर आहे त्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावं. त्याच वर्षी राज्यांची फेररचना होऊन वऱ्हाड मुंबई राज्यात आलं, पण देशभरातच नव्या मिशनऱ्यांना व्हिसा मिळणं हळूहळू अवघड होत गेलं.

याचा परिणाम साधा होता. तरुण जोडपी यायची थांबत गेली. जी आधीपासून होती ती म्हातारी झाली. शाळा आणि चर्च मराठी माणसांच्या हातात जात होती, म्हणजे कालचा साहेब आज पाहुणा. गंमत अशी की पगाराची दोरी तुटल्यावर काहींना इतक्या वर्षांनी पहिल्यांदा बरोबरीचे मित्र मिळू लागले. नेमका तेव्हाच परतीचा दिवस जवळ आलेला असायचा.

आणि परत गेल्यावर? तिकडचे शेजारी अनोळखी, मुलं आपापल्या संसारात, आणि तोंडात बसलेली भाषा मराठी. मिशनरी जस्टिन अॅबट यांनी यावर आपल्यापुरता उपाय शोधला. 1910 च्या सुमारास ते भारतातून गेले आणि न्यू जर्सीतल्या समिट गावी राहिले. उरलेलं आयुष्य त्यांनी एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास यांच्याशी संबंधित मराठी साहित्याचं इंग्रजी भाषांतर करण्यात घालवलं. धर्म पटवायला आलेला माणूस म्हातारपणी वारकऱ्यांच्या ओव्या घेऊन बसला होता. महिपतींच्या 'भक्तविजया'चं भाषांतर करताना त्यांच्या सोबतीला पंडित नरहर गोडबोले होते. 1932 मध्ये अॅबट गेले. पुस्तक पुढच्या वर्षी छापून आलं, मुखपृष्ठावर दोघांची नावं शेजारी शेजारी.