पेडल खाली जातंय म्हणजे नेमकं काय होतंय?

सातगाव पठारावरचा बटाटा निघायला लागला की पेठहून मालाच्या गाड्या अवसरी घाट उतरून मंचरच्या बाजाराकडे जातात. खाली पोचल्यावर चालकाने "ब्रेक जरा पोचट लागतोय" म्हटलं, की चारचौघांचं उत्तर ठरलेलं असतं: हवा धरली असेल, एअर काढून घे. ते कधी कधी बरोबरही निघतं. पण पेडल लिबलिबीत होणं, दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसणं, खोल जाऊन मग लागणं आणि कडक राहूनही गाडी न थांबणं, ही चार वेगळी दुखणी आहेत. चौघांना एकच औषध दिलं की पैसे जातात आणि दुखणं तिथेच राहतं.

"ऑइल कमी झालंय, थोडं टाका" हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फसवा सल्ला. ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. डबीतली पातळी दोनच कारणांनी उतरते. पॅड झिजले, कॅलिपरचे पिस्टन पुढे सरकले आणि ती जागा ऑइलने भरली, हे एक. दुसरं म्हणजे गळती. पॅडच्या झिजेमुळे उतरलेली पातळी भरून ठेवली, तर नवे पॅड बसवताना तेच ऑइल डबीतून बाहेर येतं आणि बॉनेटखालचा रंग खातं. पातळी भराभर उतरत असेल तर चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का, मागच्या ड्रमखाली ओघळ आहे का, पेडलच्या वरच्या बाजूला चिकटपणा आहे का, हे आधी बघायचं. आणि हाताशी आहे म्हणून इंजिन ऑइल तर चुकूनही टाकू नका. ब्रेकमधली रबरं त्याने फुगतात आणि मग मास्टर सिलिंडरपासून होजपर्यंत सगळंच बदलायची वेळ येते.

"कुठेच गळत नाही, मग ब्रेकला काय धाड भरलीये?" गळती आतही असते. मास्टर सिलिंडरमधलं रबरी वायसर झिजलं की ऑइल बाहेर न पडता त्याच्या कडेने मागे सरकतं. डबीतली पातळी जशीच्या तशी राहते आणि सिग्नलला हलका पाय ठेवलेला असताना पेडल मात्र खाली जात राहतं. गंमत अशी, की जोरात दाबलं तर तेच पेडल टिकतं, म्हणून गॅरेजवाल्याला दोष लवकर सापडत नाही. सपाट जागी गाडी उभी करा, हँडब्रेक लावा, इंजिन चालू ठेवा आणि पेडल मध्यम जोराने अर्धा-एक मिनिट दाबून धरा. ते जमिनीकडे सरकत राहिलं आणि बाहेर कुठे ओल नसली, तर पहिला संशय मास्टर सिलिंडरवर घ्यायचा. एअर काढून हा दोष जात नाही. सिलिंडर आतून गंजून खवले पडले असतील तर नवं किटही फार टिकत नाही, पूर्ण सिलिंडरच बदलावा लागतो.

याउलट, इंजिन चालू करताच पेडल किंचित खाली गेलं म्हणून घाबरणारेही भेटतात. ते तर बूस्टर चांगला असल्याचं लक्षण. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, मग दाबून धरूनच चालू करा. पेडल जरासं बसायलाच हवं. बसलं नाही तर काळजी करा.

"दोन पंप मारले की लागतो, चालतंय." पंप मारून पेडल वर येतं ते हवेमुळे किंवा मागच्या ड्रममधल्या शूची फट वाढल्यामुळे. हवा असेल तर पेडल पायाखाली लवचिक लागतं. फट वाढली असेल तर खोल जातं, पण तिथे टणक लागतं. हँडब्रेक थोडा ओढून पेडल दाबा. वर आलं, तर मागचे ब्रेक ॲडजस्ट करायचे आहेत.

आता घाट. दीड टनाची गाडी ३०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे ४४ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्यात जवळपास १३ लिटर गार पाणी उकळेल. सगळा भार ब्रेकवर टाकला तर ही उष्णता डिस्क, पॅड आणि शेवटी ऑइलमध्ये जाते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि माळशेज-भीमाशंकरच्या पट्ट्यात पावसाळाभर दमटपणाला तोटा नाही. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा मात्र १४० अंशच. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल बसतं. गाडी गार झाल्यावर सगळं ठीक वाटतं, म्हणून लोक विसरतात. पेडल कडक असूनही गाडी थांबत नसेल आणि जळका वास येत असेल, तर तापलेत ते पॅड. ऑइल रंगाने स्वच्छ दिसतं म्हणून चांगलं, असंही नाही. साधारण दोन वर्षांनी बदलावं, किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तसं.

उतारावर न्यूट्रल टाकून डिझेल वाचतं, हा समज इकडे फार जुना. आताच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये ॲक्सिलेटर सोडून उतरताना इंधन जवळजवळ बंदच करतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला जाळतात. म्हणजे वाचत तर नाहीच, वर गिअरचा आधार सोडून सगळं ओझं ब्रेकवर येतं. इंजिनच बंद केलं तर एक-दोन वेळा दाबल्यावर बूस्टरची मदत संपते.

एअर काढताना डबी कधीच रिकामी होऊ द्यायची नाही, आणि निपल बंद केल्याशिवाय पेडलवरचा पाय उचलायचा नाही. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत ठोकू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. वायसर एरवी जिथे पोचत नाही त्या गंजलेल्या भागावर गेलं की फाटतं. एबीएस असेल तर काही गाड्यांना स्कॅनर लावावाच लागतो. निघालेलं ऑइल परत भरायचं नाही.

पॅड बदलल्यावर पहिल्या दाबाला पेडल तळाला जातं, कारण पिस्टन मागे ढकललेले असतात. हा बिघाड नव्हे. गाडी जागेवरून हलवण्याआधी पेडल टणक होईपर्यंत दाबून घ्या, आणि पहिला फेरा पठारावरच मारा.