नागझिऱ्याचा पाहुणा रिकाम्या पिशवीने का परततो?



गेल्या हंगामात मी पिटेझरी गेटजवळ थांबले होते. सफारीहून आलेल्या एका बाईंनी विचारलं, "इथलं काही घरी न्यायचं तर कुठे मिळेल?" मला उत्तरच सुचलं नाही. त्याच आठवड्यात गटाच्या बैठकीत एक ताई सांगत होत्या, घरची चारोळी दारावर आलेल्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात देऊन टाकली. घेणारीही इथेच, विकणारीही इथेच, फक्त दोघींची गाठ पडत नाही.

मालवणचं उदाहरण घ्या. सिंधुदुर्ग किल्ला समुद्रातल्या कुरटे बेटावर आहे. किल्ला बघून होडीतून परतलेला पाहुणा मालवणच्या बाजारात शिरतो आणि खाजा, कोकम, काजू घेऊनच गावी जातो. म्हणजे पाहुणा खरेदी करतो ती परतताना, वाटेवर.

आपल्याकडे ही वाट कुठली?

नागझिरा १९७० पासून अभयारण्य आहे, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. पाहुणे साकोलीकडून पिटेझरीला येतात, तिरोड्याकडून चोरखमाऱ्याला. विक्रीच्या जागा तीन:

१. गेटबाहेर. सकाळी आत जाताना सगळ्यांना घाई असते, तेव्हा कोणी थांबत नाही. सफारी संपवून बाहेर येतात तेव्हा भूकही असते आणि वेळही. स्टॉल त्या वेळेला लावा. जागेसाठी आधी ग्रामपंचायत, वनविभाग आणि गावच्या परिस्थितिकीय विकास समितीशी बोला.

२. रिसॉर्ट आणि होमस्टे. मालकाला विचारून काउंटरवर एक टोपली ठेवा. किती पाकिटं ठेवली, किती विकली, याची वही ठेवा.

३. साकोलीचा महामार्ग. नागपूर-रायपूर रस्त्यावरचा प्रवासी जंगलात आला नाही तरी चहाला थांबतोच.

काय ठेवायचं?

हलकं, कोरडं, प्रवासात न सांडणारं. चारोळी, मोहफुलांचे लाडू, जवसाची चटणी, हातसडीचा तांदूळ अर्ध्या-एक किलोत, बांबूची छोटी टोपली. मोठं सूप गाडीत मावत नाही, म्हणून तेच छोटं करा. शक्यतो कागदी पाकीट वापरा. जंगलाच्या तोंडाशी प्लास्टिकचा कचरा आपल्या मालाने वाढू नये.

खाण्याच्या वस्तूला अन्न सुरक्षा नोंदणी लागते. पाकिटावर वस्तूचं नाव, घटक, वजन, किंमत, बनवल्याची तारीख, किती दिवस टिकेल, गटाचा पत्ता आणि १४ अंकी नोंदणी क्रमांक लिहा.

भाव कसा काढायचा?

समजा, लाडवाच्या पाकिटाला सामान ४० रुपयांचं, पाकीट-लेबल ५, आपली मजुरी १५. खर्च झाला ६०. बऱ्याच गटांत मजुरी धरतच नाहीत आणि ५० ला विकून "५ रुपये सुटले" म्हणतात. ताई, ते सुटले नाहीत, तुमच्या मजुरीतले १० बुडाले! ७५ ला विकलं तर मजुरी वेगळी आणि गटाला १५. रिसॉर्टचं कमिशन द्यायचं असेल तर तेही आधीच धरा.

हे मात्र कधीच विकू नका

साळिंदराचे काटे, नखं, सांबराची शिंगं. शिंग आपोआप गळून पडलेलं असलं तरी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे विकता येत नाही. पाहुण्याने मागितलं तरी नाही म्हणा. वनोपज गोळा करतानाही ग्रामसभेला विचारून, ठरलेल्या हद्दीतूनच.

पावसाळ्यात सफारी बंद असते आणि ऑक्टोबरपासून पाहुणे परत येतात. तयारीचे दिवस हेच. पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने एकच वस्तू, लेबल लावून आणि भाव काढून आणावी. चव आपण सगळ्या मिळून बघू. यंदा कोणी "कुठे मिळेल?" विचारलं, तर मला बोट दाखवायला तुमचा स्टॉल हवा.

तुमची क्षेत्र समन्वयक