ड्रायक्लीनिंगचा वास आणि रेणूचा आकार

लग्नसराई संपली की शालू आणि सूट ड्रायक्लीनिंगहून परत येतात आणि कपाट उघडताच एक गोडसर वास येतो. अनेकांना तो स्वच्छतेचा वास वाटतो. वस्तुतः तो पुष्कळदा टेट्राक्लोरोएथिलीन या द्रवाच्या वाफेचा असतो. आणि ही वाफ शरीरात कोठे मुरते, हे बऱ्याच अंशी तिच्या रेणूच्या आकारावर अवलंबून असते.

क्लोरीनचा अणू शेजारच्या कार्बनकडील इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो. कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये एका कार्बनला असे चार क्लोरीन चार दिशांना सारख्याच कोनांत जोडलेले असतात. चारही बाजूंनी समान जोराची रस्सीखेच! प्रत्येक बंध ध्रुवीय, तरीही अखंड रेणू अध्रुवीय. त्यातील एका क्लोरीनच्या जागी हायड्रोजन आला की तोल ढळतो आणि रेणू ध्रुवीय होतो, हाच क्लोरोफॉर्म. एक लिटर पाण्यात क्लोरोफॉर्म सुमारे ८ ग्रॅम विरघळतो, कार्बन टेट्राक्लोराइड १ ग्रॅमही नाही. जुने कंपाउंडर मिक्स्चरमध्ये क्लोरोफॉर्म वॉटर घालीत, ते याच विद्राव्यतेच्या बळावर. टेट्राक्लोरोएथिलीनचा रेणू सपाट, पण समतोल. म्हणून तोही अध्रुवीय.

अशी द्रव्ये पाण्यात जेमतेम विरघळतात, तेला-तुपात मात्र सहज मिसळतात. तुपाचा डाग निघतो तो त्यामुळेच. परंतु आपल्या पेशींची आवरणे, मेंदू आणि चरबी हीही स्निग्धच! श्वासावाटे आलेली वाफ तेथे सहज शिरते आणि चरबीत रेंगाळते.

१९२१ साली अमेरिकेतील पशुवैद्यक मॉरिस हॉल यांनी कार्बन टेट्राक्लोराइड हे अंकुशकृमीवरील औषध म्हणून पुढे आणले. जंत पडले, पण काही रुग्णांची, विशेषतः मद्यपींची, यकृते निकामी झाली. पुढे त्याची जागा टेट्राक्लोरोएथिलीनने घेतली. ते तुलनेने सौम्य ठरले खरे. तथापि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने आज त्याला 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवले आहे.

एखाददुसऱ्या शालूने घाबरून जाण्याचे कारण नाही. प्लास्टिकचे आवरण काढून कपडे गॅलरीत वाऱ्यावर टांगावेत; वास पूर्ण गेल्यावरच कपाटात ठेवावेत. तान्ह्या बाळाच्या खोलीत तर ते टांगूच नयेत. खरा धोका दिवसभर त्या यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या कामगाराला. डोकेदुखी आणि भोवळ घेऊन कोणी आले, की रक्तदाब मोजण्याआधी मी त्याचा व्यवसाय विचारतो.